दोरीवरची टकटक

आमच्या टर्कीफूट तळ्याला कुणी नावं ठेवलेली माझ्या भावाला कधी खपली नाहीत. चाळीस वर्षं ऑर्व्हल बाहेरगावच्या लोकांना होडीत घालून बास जातीचे मासे पकडायला नेत होता. दुपारपर्यंत गळाला काही लागलं नाही की त्यातला एखादा म्हणायचाच, "या तळ्यात मासेच नाहीत." मग ऑर्व्हल मोटर बंद करून त्याची शिकवणी घ्यायचा.

"पाणी बघ किती नितळ आहे. तुला मासा दिसायच्या आधी त्याला तू दिसतोस. काठापासून चार वाव गेलास की तळ एकदम साठ फूट खाली. मासा कुठे राहतो? खाली बुडालेल्या झाडांत. त्याच्या तोंडासमोरून बारक्या माशांचे थवे जातात, म्हणजे पोट भरलेलं. वर दर शनिवारी पन्नास होड्या, त्यामुळे दुकानातलं प्रत्येक आमिष त्याच्या ओळखीचं. तो ते नुसतं ओठांत धरून बघतो आणि थुंकतो. अवघड तळं वेगळं आणि मेलेलं तळं वेगळं, बाबा. नाचता येईना, अंगण वाकडं!"

तोच ऑर्व्हल गेली तीन वर्षं गावभर सांगत सुटला होता की टर्कीफूट मेलं.

मी त्याची धाकटी बहीण, नेडीन. होड्या पाण्यात सोडतात त्या उतारावर माझं गळ-आमिषाचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून दर रविवारी देवाची क्षमा मागून मी चर्च बुडवते आणि भावाबरोबर तळ्यावर जाते. होडीतली पुढची खुर्ची त्याची, मागची माझी. यात कधी बदल झाला नाही.

या वसंतात त्याने दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. सरकारच्या मत्स्यखात्याने टर्कीफूटमध्ये नवीन मासे आणून सोडावेत, असा अर्ज. दोनशे बारा सह्या! ऑर्व्हल स्टॅम्पर म्हणतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? मंगळवारी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये सभा ठरली. खात्याची बाई येणार होती आणि ऑर्व्हल सगळ्यांसमोर बोलणार होता.

ती बाई आधीच्या गुरुवारी माझ्या दुकानात आली. मिस प्रुएट, वयाने माझ्या भाचीएवढी, पायात चिखलाचे बूट. दारात कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "तुमच्या भावाला कसं सांगू तेच कळत नाहीये. आम्ही एप्रिलमध्ये मासे मोजले. वीस वर्षांत इतके बास इथे कधी नव्हते. मंगळवारी मला ते आकडे दाखवावे लागतील. तेही ते तिथे उभे असताना."

"मला माहितीये," मी म्हटलं.

खरंच माहीत होतं. मागच्या खुर्चीवरून त्याची दोरी दिसते. सकाळभरात दोनदा, तीनदा ती इंचभर उडायची, मग हळूच बाजूला सरकायची. पूर्वीचा ऑर्व्हल असता तर माझी पापणी लवायच्या आत त्याने हिसडा मारला असता. आताचा ऑर्व्हल नुसता बसून राहायचा. दोरी सैल पडायची. "दगड," तो म्हणायचा. मी काही बोलायचे नाही.

पहिल्यांदा वाटलं, चुकला असेल. मग एकदा त्याच्या स्वयंपाकघरात त्याच्या बोटांवर टरटरून आलेले फोड दिसले. तापलेल्या बिडाच्या तव्याला हात लागला होता. "अरेच्चा, हे कधी झालं?" असं त्यानेच मला विचारलं. रक्तातल्या साखरेने त्याच्या बोटांतली जाणीव मारली होती.

आणि मी, जिच्या जिभेला अख्खं गाव टरकून असतं ती, तोंड शिवून बसले. मेली मी घाबरट! त्याच्याकडून मासा काढून घेतला तर त्याच्याजवळ उरणार काय, एवढंच मनात यायचं. म्हणून मी तळ्याला मरू दिलं.

पण मंगळवारी त्या पोरीने पडद्यावर आकडे दाखवले असते आणि भरल्या सभेत कुणीतरी त्याचीच म्हण त्याच्या तोंडावर मारली असती. ते मला बघवलं नसतं.

रविवारी तळ्यावर धुकं होतं. आम्ही जुन्या पुलाच्या खांबांपाशी थांबलो. त्याने दोरी गुंडाळून घेतली तशी मी म्हटलं, "ते टोक दे इकडे. धक्क्यावरचा खेळ खेळू."

"म्हातारपणी खेळ सुचतायत बाईसाहेबांना," तो हसला. पण दोरीचं टोक त्याने दिलं.

मी सात वर्षांची असताना होड्यांच्या धक्क्यावर बसून त्यानेच तो खेळ काढला होता. मी डोळे मिटून गळाची काठी धरायची आणि त्याने दोरीच्या दुसऱ्या टोकाला नखाने टिचकी मारायची. "दगड घासतो, शेवाळ ओढतं," तो शिकवायचा. "मासा टकटक करतो. दारावर कुणी एका बोटाने करावी तशी. सांग नेडी, किती झाल्या?"

ऑर्व्हलने डोळे मिटले. दोन्ही हातांनी काठी धरली, बोट दोरीखाली ठेवलं. मी दोरी ताणून धरली आणि त्याने शिकवली तशी टिचकी मारली. एक. थांबून दुसरी. मग तिसरी.

"कर की सुरू," तो म्हणाला.

मला काही दिसेना. डोळे पुसले आणि चौथ्यांदा दोरीला असा झटका दिला की काठीचा शेंडा हलला.

"एक!" त्याचा चेहरा उजळला. "बरोबर ना?"

हो म्हणणं फार सोपं होतं.

"चार," मी म्हटलं.

त्याने डोळे उघडले. माझ्या बोटांकडे बघितलं, मग स्वतःच्या.

"म्हणजे ते दगड नव्हते."

"सगळे नव्हते. खात्याच्या बाईने एप्रिलमध्ये मासे मोजलेत, भरपूर आहेत."

"आणि तीन वर्षं तू मागे बसून बघत होतीस?"

"हो."

"मला घरोघर सह्या घेत फिरू दिलंस."

"हो, ऑर्व्हल."

"त्यापेक्षा पाण्यात ढकलून द्यायचं होतंस गं."

त्याने मोटर चालू केली. काठाला लागेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

मंगळवारी हॉल भरला होता. मिस प्रुएट उठायच्या आधीच ऑर्व्हल उभा राहिला. हातात सह्यांचे कागद होते.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, तळ्यात मासे नाहीत. आहेत. भरपूर आहेत. ह्या बाईंनी मोजलेत, त्या दाखवतील." त्याने घसा साफ केला. "अंगण वाकडं आहे हे खरंच. टर्कीफूट पहिल्यापासून अवघड. पण मलाही आता नाचता येत नाही. माझी बोटं गेली. तुम्ही माझ्या शब्दावर सही केलीत, त्याची माफी मागतो."

कुणी हसलं नाही. त्याने कागदांची घडी करून खिशात घातली, टोपी घेतली आणि निघून गेला. माझ्या खुर्चीजवळून गेला, पण थांबला नाही.

पुढचे चार दिवस त्याचा फोन नाही. मी केलेला त्याने घेतला नाही. रविवारी मी चर्चचे कपडे घातले आणि गेलेच नाही. बंद दुकानात कॉफी गार करत बसले. होडी तो विकणार, ह्याबद्दल मला शंका नव्हती.

सकाळी सातच्या सुमारास बाहेर त्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. मागे होडी जोडलेली.

"चर्चला निघालीस?"

"नाही."

"मग ते चांगले बूट काढ आणि चल."

होडी पाण्यात सोडून, गाडी वर लावून मी परत आले तर तो माझ्या खुर्चीवर बसलेला.

"पुढे बस," तो म्हणाला.

"ती तुझी जागा आहे."

"मोठी आली मला सांगणारी! बस म्हणतो ना. मी दोरी बघतो. डोळे अजून शाबूत आहेत माझे."

आम्ही पुलाच्या खांबांपाशी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या मागे बसला होता. मी गळ टाकला, दोरीचं शिशाचं वजन तळाला लागू दिलं. पाऊण तास काही नाही. मग बोटाखाली ते आलं आणि त्याच क्षणी मागून तो ओरडला, "मार!"

मी हिसडा मारला. काठी वाकली. मासा खांबाकडे धावला, मी त्याला वळवलं, आणि ऑर्व्हलने वाकून त्याला दोन्ही हातांनी वर उचललं. चांगला पाच पौंडांचा बास. त्याने तो पाण्यात सोडून दिला आणि ओले हात पँटला पुसले. मासा केवढा होता, यावर तो काहीच बोलला नाही.

"नेडी," तो म्हणाला, "कसं लागलं गं बोटाला?"

मी मागे वळले, त्याचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "दारावर कुणी एका बोटाने टकटक करावी तसं."

"हां," तो म्हणाला. "तसंच असतं ते."