एका माणसाच्या चार चिठ्ठ्या

मार्च संपत आला की आमच्या अर्व्हिंगमधली तेलुगू माणसं एकमेकांना "कसं काय" असं विचारत नाहीत, सरळ "लागला का?" विचारतात. नंबर कामाच्या व्हिसाचा. जागा मोजक्या आणि मागणारे कितीतरी पट, म्हणून अमेरिकन सरकार नावांच्या चिठ्ठ्या काढतं. ज्याचा लागतो तो मिठाई वाटत फिरतो, ज्याचा हुकतो तो आठवडाभर फोन उचलत नाही.

हिमबिंदूचा हुकला. तिचा साहेब डेल स्वतः तिच्या टेबलाशी आला आणि त्यानंच सांगितलं. पावसाचं पाणी शहराखालच्या गटारांतून कसं काढून द्यायचं, याचे आराखडे करणारी त्याची छोटी कंपनी होती आणि त्या कामात बिंदूचा हात धरणारं तिथं कोणी नव्हतं. पण हे तिचं तिसरं वर्ष होतं, आणि शेवटचं. शिक्षणानंतर काम करायची मिळालेली मुदत जूनमध्ये संपत होती.

"वकिलाला पुन्हा पुन्हा विचारलं," डेल म्हणाला. "दुसरी वाट नाही म्हणतो." तो तिच्या टेबलावरचे नकाशे उगाच सारखे करत राहिला.

तो गेला आणि लगेच नवऱ्याचा, वंशीधरचा, फोन आला.

"बिंदू, लागला. माझा लागला."

तिला आधी आनंदच झाला, अगदी मनापासून. आता दोघांनाही राहता येईल, एवढंच तिच्या डोक्यात आलं. मग विचार आला, लागला तो कुठल्या नोकरीवर?

वंशीधरची नोकरी जानेवारीतच गेली होती. तेव्हापासून तो कोटी अण्णाच्या पटावर होता. पटावर म्हणजे नुसता कागदावर, काम शून्य; मुदत त्याचीही जूनपर्यंतच. कोटी अण्णा, म्हणजे कोटेश्वरराव, हा आमच्याकडचा नोकऱ्या लावून देणारा माणूस. आमच्यातली निम्मी मुलं त्याच्या कंपनीत, आणि त्याची कंपनी त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर.

संध्याकाळी अण्णा पूतरेकुलूच्या मिठाईचा डबा घेऊन त्यांच्या घरी हजर. बिंदू कामावरून येईपर्यंत त्यानं आणि वंशीनं अर्धा डबा संपवलाही होता.

"ये चेल्लेम्मा, तोंड गोड कर," अण्णा म्हणाला. तो सगळ्यांच्याच बायकांना धाकटी बहीण करून टाकतो.

"कुठल्या कामासाठी लागला, अण्णा?"

"नंबर आधी, काम मागून. नवरी मिळाली की मांडव घालायला कितीसा वेळ लागतो?"

"पण अर्जात काम आहे म्हणून लिहिलंय ना?"

"चार ठिकाणी लिहिलंय. एक माझी कंपनी, एक मेहुण्याची, दोन दोस्तांच्या. एक माणूस, चार चिठ्ठ्या. सगळेच टाकतात. एकच टाकणारा म्हणजे अगदीच..." तिच्या तोंडाकडे बघून तो थांबला आणि डबा पुढे केला.

बिंदूनं वंशीकडे पाहिलं. चार चिठ्ठ्यांचं तो तिच्याजवळ कधी बोलला नव्हता. तो टीपॉयवरचा साखरेचा चुरा बोटानं गोळा करत होता.

"आता एवढंच राहिलंय," अण्णा पुढे सरसावला. "हा नक्की कुठं काम करणार, ते सरकार विचारणार. एखाद्या खऱ्या कंपनीचं पत्र पाहिजे, की हा मुलगा आमच्याकडे येणार आहे. ते नसेल तर नंबर लागून उपयोग नाही, आणि दुसरं कोणी देणार नाही. तुझा म्हातारा साहेब देईल. तुझ्यावर जीव आहे त्याचा."

"डेलकडे वंशीला काय काम?"

"कागदावर असेल की."

अण्णा पत्राचा मजकूर तयारच करून आला होता. तो गेल्यावर वंशी म्हणाला, "एका सहीचा प्रश्न आहे, बिंदू. मला मिळाला तर तू माझी बायको म्हणून राहू शकतेस. काही वर्षं नोकरी करता येणार नाही तुला. पण राहता तरी येईल."

गंमत बघा. जिला काम होतं तिनं घरी बसायचं, आणि ज्याला काम नव्हतं त्यानं काम आहे असं लिहून द्यायचं. बिंदूला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात तेनालीहून तिच्या सासूचा, अत्तय्यांचा फोन आला. वंशीनं त्यांना दुपारीच कळवलं होतं आणि त्या बोलायच्या थांबत नव्हत्या. त्यांच्या आवाजातला आनंद ऐकून बिंदूनं पत्र पर्समध्ये घातलं.

दुसऱ्या दिवशी डेलनं चष्मा लावून ते वाचलं.

"हा आपल्याकडे येणार आहे का? मला आठवत नाही."

आपण हो म्हटलेलं नाही, असं बिंदूनं मनाशी धरून ठेवलं.

"तू आणलंयस म्हणजे असेल," असं म्हणून त्यानं खिशातून पेन काढलं, पण टोपण उघडून तसाच बसला. कालचं त्याच्या मनातून गेलं नव्हतं. "मी एका कामासाठी एक नाव दिलं. तुझं. व्हिसांचा हा आकडा पहिल्यांदा ठरला तेव्हा घरोघरी वायरीचे फोन होते. नंतर कामं केवढी वाढली. गेल्या साली हुकलेले यंदा पुन्हा येतात, त्यांत शिकून बाहेर पडलेले नवे. आकडा आपला जवळपास तिथंच. तेही ठीक आहे, नशीब म्हणू. पण वकील म्हणतो, एकेका माणसाच्या नावानं तीन तीन, चार चार चिठ्ठ्या पडतात. मग सरळ माणसाचा नंबर लागणार कसा?"

त्यानं पत्र जवळ ओढलं. रांगेत बिंदूच्या पुढे चार जागा अडवून उभा असलेला माणूस सकाळी तिच्याच घरी जेवणाच्या टेबलावर मुगाचा पेसरट्टू खात होता. पेन कागदाला टेकलं.

"नको," ती म्हणाली. "सही करू नका. हा माझा नवरा आहे. तो इथं काम करणार नाही. त्याच्या चार होत्या."

डेलनं पेनाचं टोपण लावलं.

"तू गप्प बसली असतीस तर मी केली असती."

"माहीत आहे मला."

त्यानं कागद परत सरकवला. "हा घेऊन जा. माझ्या टेबलावर नको." तिला वाटलं होतं तो रागावेल. तो नुसता दमलेला दिसला, आणि त्याची तिला जास्त लाज वाटली.

घरी वंशी दारातच उभा होता. "झाली?"

"तो करत होता. मी थांबवलं."

"का?" त्याला आधी कळेचना. मग त्याचा आवाज चढला. "माझा लागला आणि तुझा हुकला, म्हणून पोटात दुखलं तुझ्या?"

"थोडं दुखलं. खोटं कशाला बोलू? पण तू मला सांगितलं नाहीस, वंशी. मी तुझ्याशेजारी बसून माझ्या एका चिठ्ठीसाठी नवस बोलत होते."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? तूही चार टाकल्या असत्यास."

कदाचित बिंदूनं टाकल्याही असत्या. वंशी तिथंच चपलांच्या फळीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो रडत होता. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्यानं तो झटकला, तिनं पुन्हा ठेवला.

फोन वाजला. तेनालीचा. वंशी उचलेना, तेव्हा तिनं उचलला.

"अत्तय्या, आम्ही जूनमध्ये घरी येतोय."

"व्हिसाचा शिक्का मारून घ्यायला ना? सगळे तेवढ्यासाठीच येतात. मागच्या गल्लीतली पोरं आली तशी आठ दिवसांत पळाली. तुम्ही जरा जास्त राहा गं. किती दिवस राहाल?"

वंशीनं डोळे पुसले आणि तिच्या हातातून फोन घेतला.

"अम्मा," तो म्हणाला, "राहायलाच येतोय."