उन्हात न दिसणारी ज्योत

मित्रांनो, घाबरू नका, जवळ या. मी एक जुना गॅस टर्बाइन आहे. आता तापत नाही, गुरगुरतही नाही. लष्कराच्या लिलावातून सांगलीजवळच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्यात मी आलो, ते साल चौऱ्याहत्तर. हवा ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं आणि त्या तापल्या झोतानं पाती फिरवून वीज करायची, एवढंच माझं काम.

तेव्हा घासलेट मिळेना. कारखान्यात मात्र तेलाचं तूप करण्यासाठी पाण्यातून हायड्रोजन वायू काढत आणि उरलेला आभाळात सोडून देत. इंजिनिअर लालासाहेबांनी तो घासलेटाच्या जोडीला मला दिला. काय सांगू! काजळी कमी, धूर कमी. रोजच्या भाकरीवर सणाचं तूप पडावं तसं मला झालं.

पण या वायूची एक खोड. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. नळी गळून वायू पेटला तरी समोर नुसती हवा. म्हणून लालासाहेबांचा नियम होता, की नळीकडे जाताना केरसुणी पुढे धरायची. ती पेटली की जागीच थांबायचं. केरसुणी असायची शेड झाडणाऱ्या धोंडुबाईची. तिचा नवरा केरबा, फौजेतून आलेला, मला चालवायचा.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला धोंडुबाईनं जुनी केरसुणी टाकली, नवी आणली आणि दुपारीच शेडमध्ये तिला हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात माझ्या वायूच्या नळीतून गळतीची शिट्टी आली. केरबा तसाच उठला.

"आवं, मोकळ्या हातानं कुठं निघालासा?"

"आज लक्ष्मीला जाळू व्हय? बघतो की नुसतं."

"डोळ्याला दिसतंय का ते बघायला? थांबा म्हनते!"

तो थांबेना. धोंडुबाईनं पूजेची केरसुणी उचलली, धावली आणि त्याच्या छातीपुढं धरली. रिकाम्या हवेत ती भस्सकन पेटली. केरबा दोन पावलं मागं कोसळला, मग सरपटत जाऊन त्यानं वायूची नि घासलेटाची, दोन्ही चाव्या बंद केल्या. मी हळूहळू थांबलो.

धोंडुबाई जळका बुडखा मांडीवर घेऊन रडत बसली. "माझ्या हातानं लक्ष्मी जाळली."

"अगं, लक्ष्मी घर राखती म्हनत्यात. आज राखलं की तिनं."

"राखलं, पर तुमच्या येडेपनापायी तिनंच जळायचं व्हय?" ती डोळे पुसत म्हणाली.

पुढं मला नवी नळी बसली, मी आणखी काही वर्षं वीज दिली. आता एका शाळेच्या आवारात उभा आहे. चिमण्या येतात, तुम्ही येता. माझी तक्रार नाही. ज्यांनी मला पुसलं, तेल घातलं, त्यांचा मी ऋणी आहे. तुम्हाला एकच विनवणी. जिवाच्या काळजीनं घातलेला नियम सणाच्या दिवशीही मोडू नका. तो पाळल्यानं देव रागावत नाही.

मी खूप दिवे लावले, मित्रांनो. पण त्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी बंद होतो, आणि केरबानं स्वतःच्या हातानं शेडच्या दारात पणती लावली. तो उजेड माझा नव्हता. तरी मला सगळ्यांत प्रिय तोच.