दारातल्या गाडीची फुगडी

कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीनं यंदा झिम्मा-फुगडीच्या स्पर्धेत उतरायचं ठरवलं. गाणं नवं आणि स्वतःचंच हवं, अशी अट होती. गट जमवला माझ्या सुनेनं, अक्षतानं. "आमचे आप्पा सदा पुस्तकात असतात, ते लिहितील," असं ती बायकांना सांगून बसली.

मी चाळीस वर्षं वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. कविता केल्या, पण वहीतच. कुणाला दाखवायचा धीर झाला नाही. आपली एक तरी ओळ कुणाच्या तोंडी यावी, एवढी एकच इच्छा बहात्तराव्या वर्षी उरली होती. आठवडाभर खपून सोळा ओळी लिहिल्या.

गल्लीतल्या कुस्तीच्या तालमीमागच्या हॉलात दहा बायका जमल्या होत्या. मी कोपऱ्यात बसलो. अक्षतानं वाचलं, "सह्यगिरीच्या कुशीत हसते करवीरनगरी नटली गं."

"आप्पा, ह्ये गाणं हाय का दहावीचा धडा?" शालूबाई म्हणाल्या. गटात त्या सगळ्यांत थोरल्या. "गरागरा फिरताना सह्यगिरी म्हणायचं म्हंजे मधीच जीव जायचा."

"काहींचा तसाबी जातोय दोन फेऱ्यांत," वर्षाराणी भिंतीकडं बघून म्हणाली.

ती शालूबाईंच्या समोर राहते. तिची स्कूटी शालूबाईंच्या दारापुढं उभी असते, त्यावरून दोघींचं चार महिने बोलणं बंद होतं. म्हणजे जे बोलायचं ते भिंतीला ऐकवायचं.

अर्ध्या तासात माझ्या सोळा ओळींच्या चार झाल्या. मीच खोडत होतो. ओळ वाईटच असणार, हे मला दर वेळी पटत होतं.

शेवटी अक्षता चिडली. "मधली फुगडी तुम्ही दोघीच घाला. एवढा वेग दुसऱ्या कुणाला झेपत न्हाय."

दोघींनी हात आडवे धरले, पण मेलेला उंदीर धरावा तसे. फुगडी फिरेचना.

"वजन मागं टाका की! एकमेकींवर सोडा!" अक्षता म्हणाली.

"हिच्यावर? त्यापेक्षा मोरीत पडतो मी!" शालूबाई ओरडल्या आणि चार महिन्यांत पहिल्यांदा वर्षाराणीच्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "गाडी माझ्या दारात लावतीस, वर डोळं मलाच दावतीस!"

पाय बरोबर तालावर पडला.

"रस्ता न्हाय तुमच्या बाचा, तोरा कमी करा नाकाचा!"

बाकीच्यांनी नकळत तोंडानं फू-फूचा ठेका धरला. समोरचीला आपटायच्या इराद्यानं दोघी मागं रेटत होत्या, आणि त्या रेट्यानंच फुगडी भिंगरीसारखी फिरत होती.

"सोड की!"

"तुम्ही सोडा आधी!"

आधी सोडेल ती हरली, म्हणून कुणीच सोडेना. बोटं पांढरी पडली. मी भेदरून खुर्ची मागं सरकवली, पण ओळी कागदाच्या पाठीवर टिपून घेतल्या.

"ह्येच गाणं," अक्षता म्हणाली.

मग बाकीच्याही तुटून पडल्या. मीनाबाईंनी वरच्या मजल्यावरून पडणाऱ्या केराचं गाऱ्हाणं काढलं, दीप्तीनं नळावरच्या ढकलाढकलीचं. जिच्यावर ओळ आली ती उसळून उलटी ओळ फेकायची. मी दोन ठिकाणी मात्रा जुळवल्या. त्यांनी त्या परत मोडल्या. माझ्या उरलेल्या चार ओळीही गेल्या.

अक्षतानं स्पर्धेचा फॉर्म काढला. गीतकार कोण लिहायचं?

"पहिली ओळ माझी," शालूबाई म्हणाल्या.

"ठसका माझ्या ओळीत हाय."

"हिचं नाव आधी आलं तर मी नाचत न्हाय."

"माझं खाली आलं तर मीबी घरी चालले."

बराच वेळ कुणी मागं हटेना. मग शालूबाईच म्हणाल्या, "आप्पांचं घाला. त्यांचं एक अक्षरबी न्हाय त्यात, म्हंजे भांडणच मिटलं."

ते मात्र सगळ्यांना पटलं. अक्षतानं माझ्याकडं न बघता फॉर्म पुढं सरकवला.

हे खोटं आहे, असं म्हणायला हवं होतं. बाकीच्या सगळ्या जणी माझ्याकडं बघत होत्या. मी पेनाचं टोपण काढलं आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं.