जावयाचा इलिश

जमाईषष्ठी उद्यावर आली होती आणि अनादीबाबू चंदननगरच्या बाजारात निमाई कोळ्याच्या टोपलीसमोर हात मागे बांधून उभे होते. सासूने जावयाला बसवून वाढायचा हा दिवस, पण सासू, म्हणजे अनादीबाबूंची बायको, हिवाळ्यातच गेली. लेक म्हणाली होती, "बाबा, यंदा राहू दे." त्यांनी ऐकलं नव्हतं. जावयाच्या, पार्थच्या ताटात इलिश मासा पडायलाच हवा, आणि तोही चांगला.

त्यांच्यामागे दोन पावलांवर झर्ना उभी होती, कडेवर तीन वर्षांची टुकाई. लेक-जावई नोकरीवर जात, म्हणून नात दिवसभर आजोबांकडे असे. तिच्यासाठी झर्नाला अनादीबाबूंच्या बायकोनेच ठेवलं होतं.

बायको होती तेव्हा खराब मासा आणला की ती तसाच परत पाठवायची. ती गेल्यावर तो शिजू लागला. दोनदा तसं झालं, आणि तिसऱ्या वेळी झर्ना टुकाईला फिरवायच्या निमित्ताने मागोमाग आली. बाजार करावा तो घरच्या बाप्याने. आयाच्या सांगण्यावरून मासा घेतला म्हटल्यावर सगळी गल्ली हसली असती. म्हणून काही न बोलताच दोघांचं ठरून गेलं. मासा वाईट असेल तर झर्ना पोरीला या कडेवरून त्या कडेवर घ्यायची.

आज अनादीबाबूंनी तीन माशांवर बोट ठेवलं. झर्ना टुकाईला त्याच कडेवर धरून शेजारच्या भोपळ्यांकडे बघत राहिली.

"कंबर धरली का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही दादू. मूल सांभाळायला ठेवलंय मला. तेवढंच सांभाळतेय."

"आज? उद्या जावई येतोय."

"सकाळी तुमची साखर कोण तपासतं? गोळ्या कोण देतं? तांदळाच्या डब्यातले रसगुल्ले कोण शोधून काढतं? त्याचे पैसे नऊ हजारांत नाहीत येत. घाटावरच्या डॉक्टरीणबाई बारा देतायत. एकच बाळ, तेही झोपाळू. संध्याकाळी त्यांना उत्तर द्यायचंय."

"रसगुल्ले टुकाईसाठी होते."

"टुकाईचा हात डब्यापर्यंत पोचत नाही."

निमाई पाणी शिंपडता शिंपडता हसला. अनादीबाबूंचे कान तापले. पण झर्ना आली नाही तर उद्याचा मासा सोडाच, परवाची सकाळ कशी उजाडेल, हे त्यांना नीट ठाऊक होतं. बायको गेल्यापासून घरात त्यांच्यावर ओरडणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी पुढे होऊन टुकाईला आपल्या कडेवर घेतलं.

"बारा," ते म्हणाले. निमाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "आणि मासा तूच बघ. इथे, सगळ्यांसमोर."

झर्ना पदर खोचून खाली बसली. तिने कल्ले उघडले, पोटं दाबली, चार मासे बाजूला सारले आणि तळातून एक ओढून काढला. "हा. आणि निमाईदा, भाव माणसाला परवडेल असा सांग."

"आता संपलं माझं," निमाई म्हणाला.

"दादू, अजून एक. उद्या दुपारनंतर सुट्टी हवी. माझाही जावई येतोय."

अनादीबाबू खूश झाले. तिच्याही घरी षष्ठी आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "निमाई, अजून एक काढ. झर्नाच्या जावयासाठी, माझ्याकडून. तो बघ, तो मोठा."

झर्नाने माशाकडे पाहिलं.

"तो नको, दादू. आधी डोळे बघा त्याचे."