सुरी पोचायच्या आत

येडशीच्या माळावर शिकारीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा. आमच्या गावात बंदूक एकच, चाँदभाईंची, ठासणीची. परवाना निजामाच्या ठाण्यातला, पिकाच्या राखणीचा. हरणं ज्वारीत शिरत. दिवाळी झाली की चाँदभाई नळी गरम पाण्यानं धुवायचे, दारू उन्हात वाळवायचे, शिसं वितळवून गोळ्या ओतायचे. पण सगळ्यात जास्त वेळ जायचा सुरीवर. दगडावर घासायची, अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायची, पुन्हा घासायची.

कारण गोळीनं मेलेलं हरीण त्यांना चालत नव्हतं. जीव असताना, अल्लाचं नाव घेऊन गळ्यावर सुरी फिरली तरच ते त्यांच्या घरात जायचं. त्याआधी मेलं तर ते हाकाऱ्यांचं, म्हणजे आमचं. गावात मुसलमानाचं घर एकच, त्यामुळं सुरी धरायला दुसरा माणूस नव्हता. म्हणून चाँदभाई काळजावर नेम धरत नसत, कमरेवर धरत. हरीण खाली बसायचं आणि ते बंदूक टाकून पळायचे.

"पळा चाँदभाई, न्हाईतर आज रस्सा आमच्या चुलीवर!" आम्ही ओरडायचो.

"मेल्यांनो, वास घ्या नुसता!"

बहुतेक वेळा तेच आधी पोचायचे. वाटा आम्हाला तरीही मिळायचाच.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली. त्यांच्या पोरीचं, सायराचं लग्न ठरलं होतं, नळदुर्गच्या घरात. गावोगावची बकरी पलटणीच्या ठेकेदारांनी उचलली होती. उरली होती ती कुणी विकेना. चाँदभाईंनी व्याह्यांना शब्द दिला होता, जेवणात हरणाचं मटण असेल म्हणून.

शिमगा झाला, ऊन तापलं, आणि त्यांच्या घोट्याजवळ नारू निघाला. बारवेच्या पाण्यानं आमच्याकडं तो घरोघर होता. दोऱ्यासारखा किडा, काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा बाहेर काढायचा. तुटला तर पाय नासतो. चाँदभाईंना पाय भुईला टेकवत नव्हता.

लग्नाच्या आदल्या दिवशी झुंजुमुंजूला मी त्यांना पाठीवर घेतलं.

"बलभीम, लई जड हाय का रं मी?"

"जड न्हाय, पर दाढी टोचती."

"टोचू दे. नवऱ्याच्या बापाची याहून राठ हाय."

ओढ्याच्या डोहाजवळ तरवडाच्या आडोशाला मी त्यांना उतरवलं. हाकारे लांब थांबले. ऊन वर आलं तशी हरणं पाण्यावर आली, पुढं एक काळवीट. चाँदभाईंनी बंदूक लावली आणि नुसतीच धरून बसले. काळजावर मारलं तर काळवीट जागीच मरणार. कमरेवर मारलं तर जिवंत राहणार, पण सरपटत लांब जाणार, आणि मागं पळायला त्यांना आज पाय नव्हते.

"काय करू रं?" ते पुटपुटले.

आजवर त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं.

बार कमरेवरच बसला. काळवीट पडलं, उठलं, मागचं अंग ओढत घळीत उतरलं. चाँदभाईंना पाठीवर टाकून मी पळालो. त्यांच्या पायाची पट्टी बाभळीत अडकली, तसाच हिसडा देऊन पुढं गेलो. ते ओरडले नाहीत. "चल बाबा, चल," एवढंच माझ्या कानाशी. सुरी त्यांच्या मुठीत, माझ्या छातीपुढं.

घळीच्या तळाशी काळवीट आडवं होतं. मी त्यांना त्याच्या मानेशी बसवलं. त्यांनी त्याच्या नाकपुडीशी तळहात धरला. मग बुबुळाला बोट लावलं. पापणी हलली नाही.

"फिरवा की," मी म्हणालो. "अंग अजून ऊन हाय. हितं कोण बघतंय? म्या सांगंन, जीव हुता."

"तू सांगशील रं."

"मग?"

"व्याही माझ्या तोंडाकडं बघून घास घेतील."

त्यांनी सुरी कमरेला खोचली. हाकारे येऊन पोचले. त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही.

"ऊन चढायच्या आत सोला, न्हाईतर नासंल," चाँदभाई म्हणाले. आमच्या पोरांचे हात चुकायला लागले तेव्हा माझी सुरी मागून घेऊन स्वतःच बसले. आतडं न फोडता पोट मोकळं केलं, पित्त अलगद बाजूला काढलं, मांड्यांचे लांब पट्टे पाडले. मीठ-हळद लावून ते दोरीवर कसे घालायचे, माशी कशी राखायची, सगळं आम्हाला सांगितलं. हात चालत होते. पाय एव्हाना सुजून खांब झाला होता. नारू तुटला होता.

घरी दारातच सायराची आई, फरिदाभाबी उभ्या होत्या. परातीत हिरवा वाटलेला मसाला.

"वऱ्हाडाच्या गाड्यांनी उस्मानाबाद सोडलं म्हनं. मटन मागनं येतंय का?"

चाँदभाई माझ्या पाठीवरून उतरेनात. भाबींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी परात हळूच खाली ठेवली आणि आतल्या भिंतीशी बसल्या.

मी चाँदभाईंना आत नेऊन बाजेवर टेकवलं, तोवर आमच्या आळीकडून कलेजी भाजल्याचा वास यायला लागला. हळद लागलेली सायरा आतून उठून आली आणि तिनं दार लोटून घेतलं.