टिक मधोमध हवी

जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला, तेव्हा ती चहा गाळत होती.

"अहो, तुमच्या सॉफ्टवेअरने आज एका मांजराचं पोट भादरलं!"

मांजर आलं होतं फक्त नखं कापायला. दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर रोज एक यादी उघडते: जनावरामागे एक ओळ, पुढे 'लस', 'ऑपरेशन', 'नखं' असे रकाने, आणि जे करायचं त्या रकान्यात हिरवी टिक. ही टिक रकान्याच्या डाव्या कडेला चिकटून बसायची. त्यामुळे 'नखं'मधली टिक मदतनिसाला 'ऑपरेशन'मधली वाटली, आणि त्याने मशीन चालवलं. डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या म्हणून पोटावरच्या केसांवरच निभावलं.

ती ओशाळली. खोट तिला पहिल्यापासून ठाऊक होती. यादीचं ते कंट्रोल, म्हणजे सॉफ्टवेअरचा आयता मिळणारा तुकडा, अक्षरं सांगाल तशी मधोमध मांडायचं, पण चित्र डावीकडेच ठेवायचं. एवढं कोण बघतंय, म्हणून तिने तेव्हा कानाडोळा केला होता.

तिने टिकच्या चित्रालाच डावीकडे थोडी कोरी जागा जोडली. घरच्या कॉम्प्युटरवर टिक कशी ऐटीत मधोमध बसली! दुसऱ्या दिवशी सकाळीच ती दवाखान्यात हजर झाली.

काउंटरवर काकू होत्या. सगळ्यांच्याच काकू. नवी यादी उघडताच त्यांनी माउसने एकेक रकाना चांगला हातभर रुंद केला.

"काकू, हे काय करताय?"

"रोजच करते. बारीक दिसत नाही गं मला."

सगळ्या टिका पुन्हा डावीकडे! कोरी जागा होती तेवढीच राहिली होती, रकाना मात्र ऐसपैस झाला होता. काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आता कोणाचं पोट भादरायचं?"

तिने तिथेच, पोपटाच्या पिंजऱ्याशेजारी, लॅपटॉप उघडला. आता कंट्रोलच्या नादी लागायचं नाही, चित्र आपणच काढायचं. रकान्याच्या रुंदीतून टिकची रुंदी वजा करायची, उरलेल्याचं अर्धं डावीकडे सोडायचं. हिशेब पहिलीतला, पण तो प्रत्येक चौकटीसाठी आपण करायचा. पोपट मधूनमधून "बस! बस!" म्हणत होता. कुठल्यातरी कुत्र्याकडून शिकला असावा.

तासाभराने काकूंनी रकाना ताणला आणि किंचाळल्याच. "अगं बाई, या सशाची एकदम तीन ऑपरेशनं?"

रकाना सरकताना नवी टिक उमटत होती, पण जुनी पुसली जात नव्हती. तिने कपाळावर हात मारला. रकाना हलला की आधी सगळी ओळ पुसून मग पुन्हा रंगवायची, असं तिने लिहिलं. काकूंनी रकाना ताणला, आवळला, पुन्हा ताणला. टिक आपली मधोमधच.

"आता कशी शहाण्यासारखी वागतेय!" काकू म्हणाल्या.

तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ टोपली घेऊन आत आले. टोपलीत तेच मांजर, पोटाला लोकरी पट्टा बांधलेलं. ती पुढे झाली.

"आजोबा, चूक माझी होती. टिक नीट दिसत नव्हती, हे मला माहीत होतं."

त्यांनी तिला नीट न्याहाळलं. "मी पस्तीस वर्षं पेपर तपासले. गुण भलत्याच रकान्यात लिहून एका नापासाला मी वर्गात पहिला आणला होता."

"मग?"

"मग काय, त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तुझ्यासारखंच." त्यांनी टोपली काउंटरवर ठेवली. "पण काल या गडबडीत हिची नखं राहिलीच. तेवढी कापा."

काकूंनी यादीत नवी ओळ घातली. 'नखं'च्या बरोब्बर मधोमध हिरवी टिक उमटली. आजोबांनी वाकून ती स्वतः पाहिली, आणि मगच टोपलीचं झाकण उघडलं.