रोस्टमध्ये उलट बोलत नसतात

रश्मीचं लग्न तोंडावर आलं होतं. परतवाड्याच्या घरी वच्छलाबाई अक्षतांना हळद लावत बसल्या होत्या, तेवढ्यात रश्मीचा भाऊ स्वप्निल जवळ येऊन टेकला.

"आजी, संगीताच्या दिवशी मी तुयी रोस्ट करून राहिलो बरं."

"ते काय असते रे?"

"थट्टा. स्टेजवर, सगळ्याइसमोर. परक्याची केली तं अपमान, आपल्या मानसाची केली तं रोस्ट. ज्याच्यावर जीव जास्त, त्याची जास्त कराची."

वच्छलाबाईंना ते लगेच पटलं. विहिणीला गाण्यातून चिडवल्याशिवाय त्यांनी एक लग्न जाऊ दिलं नव्हतं. विहिणीच्या नाकापासून तिच्या पाणचट वरणापर्यंत काही सुटायचं नाही. मग तिकडची एखादी बाई पदर खोचून उठायची आणि दुपटीने फेडायची. दोन्हीकडच्या बाया हसून थकल्या म्हणजे सोयरीक जमली. स्वप्निलसाठीही त्यांनी चार ओळी जुळवल्या, त्याच्या दाढीवर आणि मोबाइलवर.

संगीत अमरावतीच्या हॉलमध्ये होतं. स्वप्निलने माइक घेतला, आजीला समोरच्या खुर्चीत बसवलं.

"आमची आजी म्हातारपणी अ आ इ शिकली. काहून? तं एकदा निघाली अकोल्याले अन् बसली अकोटच्या गाडीत! पाटीवरचा अ तेवढा ओळखीचा, मंग काय, चढली ठसक्यात! कंडक्टर म्हने, बुढे, हे गाडी अकोटले जाते. आजी म्हने, मंग वळव ना बापा, गाडी तं सरकारचीच हाय!"

हॉल हसून लोटपोट झाला. नवरदेवाकडची माणसं तर टाळ्या पिटत होती.

गाडी वळव, असं वच्छलाबाई खरंच म्हणाल्या होत्या. कंडक्टरच्या पाया पडून म्हणाल्या होत्या. अकोल्याच्या दवाखान्यात त्यांचे मालक, नत्थुजी, शेवटचे श्वास घेत होते. अकोटला उतरून, दुसरी गाडी धरून त्या पोचल्या तेव्हा नत्थुजींच्या तोंडावर चादर ओढलेली होती. साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसल्या त्या नंतर. स्वप्निलला हे सगळं ठाऊक होतं. त्यांनीच त्याला सांगितलं होतं, आणि तेव्हा तो रडला होता.

हसणं ओसरल्यावर वच्छलाबाईंनी माइककडे हात केला. "दे, आता माही पाळी."

"नाई आजी, रोस्टमध्ये उलट बोलत नसतात. ज्याची होते त्यानं फक्त हसाचं." आणि त्याने कॅमेऱ्यासाठी त्यांचा गाल ओढला.

स्टेजखाली आल्यावर त्यांनी विचारलं, "तुया आजोबाचं काहून नाई सांगितलं?"

"ते सांगितलं असतं तं कोन हसलं असतं, आजी?" त्याने त्यांच्या खांद्यावर हात टाकला. आवाजात माया होती. तीच त्यांना जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, विहिणींची पंगत बसली. वच्छलाबाई जिलबीचा आग्रह करत फिरत होत्या. रश्मीची सासू माधवीबाई अकोल्याची, बोलकी. तिने लांबूनच हाक मारली, "या अकोटवाल्या आजी! नातीले भेटाले येसान तं पाटी वाचून बसजा बरं!"

पंगत खिदळली. बाया वच्छलाबाईंकडे पाहू लागल्या. "होऊन जाऊ द्या आता," कुणीतरी म्हणालं. इथे गाणं म्हणायचं असतं. जन्मभराची गाणी त्यांच्या गळ्यात होती. एकही वर येईना.

"त्या दिवशी माहा मालक मेला होता बाई, अकोल्याले," त्या म्हणाल्या. "मी पोचली नाई."

माधवीबाईच्या हातातला घास पानात पडला. "मले कोनी सांगतलंच नाई वो," एवढंच ती पुटपुटली आणि पान सारून उठली.

शालू सावरत रश्मी धावत आली. तिने आजीचा दंड धरला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "हे आजच सांगाचं होतं? माह्या सासूले? उद्यापासून मले त्या घरात राहाचं हाय ना, आजी!"

वच्छलाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मुंडावळ्या एका बाजूला सरकल्या होत्या, त्या नीट केल्या.

"चुकलं माय," त्या म्हणाल्या, आणि माधवीबाईची माफी मागायला हात धुण्याच्या जागेकडे निघाल्या.